कसोटीच्या दगडापासून प्लॅस्टिकच्या डबीपर्यंत

सोने घेताना आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या दोनच प्रश्न विचारले गेले: वजन किती, आणि कस कसा? पहिल्याचे उत्तर तराजू देतो, दुसऱ्याचे कसोटीचा दगड. अमेरिकेत सोन्याच्या नाण्याबाबत आणखी एक तिसरा प्रश्न विचारतात, आणि त्याचे उत्तर ना तराजूजवळ असते, ना दगडाजवळ. सरकारी टांकसाळीतून निघालेले स्मारक नाणे एखाद्या परीक्षक कंपनीकडे टपालाने पाठवायचे, तिथल्या जाणकारांनी ते भिंगाखाली न्याहाळायचे, ७० पैकी एक आकडा ठरवायचा आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत धाडायचे, असा हा रिवाज आहे. याला ‘ग्रेडिंग’ म्हणतात. ६९ आकड्याच्या आणि ७० आकड्याच्या नाण्यात सोने तेवढेच, कसही तोच. किंमत मात्र वेगळी. आपल्यापैकी काहींच्या बँकेतल्या लॉकरमध्ये अशा नाण्याची मखमली पेटी असेल आणि ती कधी ना कधी मुलांच्या हाती जाईल. म्हणून हा आकडा आला कुठून आणि तो नेमके काय सांगतो, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे.

नाणे पारखणे आपल्याला नवे नाही. मराठी मुलखात सरकारी खजिन्यात येणारे नाणे तपासून घेण्याचे काम पोतदाराकडे असे. गावपातळीवर हे काम बहुधा सोनारच करी, आणि ‘पोतदार’ हे आडनाव आजही त्या हुद्द्याची आठवण देते. त्या काळी एकाच बाजारात अनेक टांकसाळींची नाणी फिरत. कोणाची चांदी चोख, कोणाची हिणकस. काही नाणी झिजलेली. त्यामुळे एका नाण्याच्या बदल्यात दुसरे देताना फरकाची रक्कम कापली जाई, तिला ‘बट्टा’ म्हणत. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार या व्यवहाराशी जोडलेला आहे. सराफ नाणे वाजवून पाही, तोलून पाही, कधी त्यावर बारीक छिद्र पाडी किंवा स्वतःच्या खुणेचा लहानसा ठसा उमटवी. जुन्या रुपयांवर असे ठसे पुष्कळ दिसतात. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की हे नाणे अमक्या सराफाने पाहिले आहे. त्याच्या पेढीची पत जितकी मोठी, तितके ते नाणे पुढच्या हातात बिनबोभाट जाई.

अमेरिकेत नाण्यातले सोने आणि संग्राहकाचे नाणे यांची फारकत कायद्यानेच झाली. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढून नागरिकांजवळची सोन्याची नाणी आणि लगडी बँकांत जमा करायला लावल्या. त्या वेळी सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता. १९३४ च्या कायद्यानंतर तो ३५ डॉलर झाला. याच हुकमात एक सवलत होती: दुर्मिळ आणि असाधारण म्हणून संग्राहकांच्या दृष्टीने ज्यांना विशेष मोल आहे, अशी नाणी ठेवायला परवानगी होती. म्हणजे चलन म्हणून सोने बाळगणे गुन्हा, पण संग्रह म्हणून बाळगणे मान्य. १९६३ साली भारतात मोरारजी देसाई यांनी आणलेले सुवर्णनियंत्रण ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले, त्यांना ही बंधने परकी वाटणार नाहीत. अमेरिकेतली बंदी ३१ डिसेंबर १९७४ रोजी उठली. भारतातला सुवर्णनियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० साल उजाडले.

बंदी उठल्यावरही टांकसाळीने डॉलरचे दर्शनी मूल्य असलेले सोन्याचे नाणे लगेच पाडले नाही. ते आले १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने, १९८२ साली झालेल्या कायद्यान्वये. दर्शनी मूल्य १० डॉलर, वजन १६.७१८ ग्रॅम, सोने ९० टक्के. १९३३ पूर्वीच्या दहा डॉलरच्या ‘ईगल’ नाण्याचेच हे वजन आणि हाच कस. शुद्ध सोने हिशेबाने सव्वा तोळ्याहून थोडे अधिक भरते. एका बाजूला मशाल धरलेले दोन धावपटू, दुसऱ्या बाजूला गरुड. बरीचशी नाणी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंट येथे पाडली गेली आणि त्यांच्यावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर आले. अमेरिकेच्या नाण्यावर हे अक्षर प्रथमच उमटत होते. गंमत अशी, की वेस्ट पॉइंट तेव्हा रीतसर टांकसाळ नव्हतेच, ते मौल्यवान धातूंचे कोठार होते. टांकसाळीचा दर्जा त्याला १९८८ साली मिळाला. ‘डब्ल्यू’ अक्षराची प्रूफ नाणी सुमारे ३ लाख ८१ हजार विकली गेली. प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे ५० डॉलरचा अधिभार होता आणि तो ऑलिंपिकच्या कार्याला गेला.

‘प्रूफ’ या शब्दाचा अर्थ अनेकजण ‘उत्तम दर्जाचे’ असा घेतात. वास्तविक तो दर्जा नव्हे, घडणीची रीत आहे. चकती आधी घासूनपुसून लख्ख करतात, छाप्यालाही झिलई देतात आणि एकाच चकतीवर एकाहून अधिक वेळा ठोका मारतात. त्यामुळे पार्श्वभाग आरशासारखा चमकतो आणि चित्र दुधी, धुकट दिसते. असे नाणे बाजारात फिरण्यासाठी नसतेच. मग त्याची झीज कशी मोजणार? इथेच ग्रेडिंगचा खरा पेच सुरू होतो.

७० चा आकडा आला विल्यम शेल्डन यांच्याकडून. हे गृहस्थ पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीराच्या ठेवणीचे तीन प्रकार पाडणारा त्यांचा सिद्धांत एकेकाळी बराच गाजला होता. छंद मात्र अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटचा. १९४९ साली ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या पुस्तकात त्यांनी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १, टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे नाणे ७०. हे आकडे किमतीशी बांधलेले होते: सर्वांत खालच्या दर्जाच्या नाण्याची मूळ किंमत एक डॉलर धरली, तर ७० दर्जाचे नाणे सत्तर डॉलरचे. काही वर्षांतच बाजारभावांनी हे गणित मोडीत काढले. गणित गेले, आकडे राहिले. तांब्याच्या सेंटसाठी केलेली मोजपट्टी पुढे चांदीला लागली, सोन्याला लागली, प्रूफ नाण्यांनाही लागली.

या कथेला एक कडू उपकथानक आहे. १९७७ साली शेल्डन वारले. पुढे असे उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्कृष्ट सेंट नाणी त्यांनी काढून घेतली होती आणि त्यांच्या जागी हलकी ठेवली होती. प्रकरण १९९० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेले. ज्या माणसाने पारखण्याची मोजपट्टी दिली, त्यानेच आपली पारख अशी वापरली. पोतदार कितीही जाणकार असला, तरी त्याच्या हिशेबावर दुसऱ्याची नजर हवी, हे शहाणपण इथेही लागू पडते.

१९७२ साली अमेरिकन न्यूमिझमॅटिक असोसिएशनने नाणे अस्सल की बनावट हे सांगणारी सेवा सुरू केली आणि १९७९ पासून ती दर्जाही सांगू लागली. नाण्याच्या छायाचित्रासह प्रमाणपत्र मिळे. अडचण अशी, की कागद वेगळा आणि नाणे वेगळे. दुसरेच नाणे त्या कागदाबरोबर विकता येई. १९८६ साली पीसीजीएस या कंपनीने त्यावर तोडगा काढला. मालक कोण हे न कळता परीक्षकांनी नाणे स्वतंत्रपणे पाहायचे आणि आकड्याच्या चिठ्ठीसह ते कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायचे. १९८७ साली एनजीसी ही दुसरी कंपनी निघाली. आज या व्यवसायातली हीच दोन नावे सर्वांत मोठी. परिणाम असा झाला, की नाणे प्रत्यक्ष न पाहता, केवळ डबीवरच्या आकड्यावर, देशाच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाकडून खरेदी करू लागला.

जुन्या सराफाच्या ठशाचेच हे नवे रूप. फरक एवढा, की सराफ आपली खूण नाण्यावर मारी, कंपनी ती डबीवर मारते. सराफाच्या ठशाने ज्या रुपयाचे मोल बाजारात पक्के झाले, तोच रुपया आज ग्रेडिंगला पाठवला तर तो ठसा दोष म्हणून नोंदला जाण्याची शक्यता अधिक. धातूची कसोटी मागे पडली, पृष्ठभागाची कसोटी पुढे आली.

आता हा आकडा किती भरवशाचा? माझा व्यवसाय संगणकाचा, शिक्षण अभियांत्रिकीचे. त्यामुळे मोजमाप म्हटले की पहिला प्रश्न मनात येतो, तीच वस्तू पुन्हा मोजली तर तेच उत्तर येईल का? सोन्याचा कस या परीक्षेत उतरतो. कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत उत्तर जवळपास तेच येते. दर्जाचे तसे नाही. लोक डबी फोडून नाणे पुन्हा पाठवतात, कारण कधीकधी आकडा एकाने वाढून येतो. १९९० साली फेडरल ट्रेड कमिशनने, ग्रेडिंग सुसंगत आणि वस्तुनिष्ठ असल्याचे दावे अतिशयोक्त असल्याचा आक्षेप पीसीजीएसवर घेतला होता आणि ते प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच सुमारास संगणकाकडून दर्जा ठरवून घेण्याचेही प्रयोग झाले, पण ते टिकले नाहीत. ओरखडा किती लांब हे यंत्र सांगू शकते. धावपटूच्या गालावरचा ओरखडा कडेजवळच्या ओरखड्यापेक्षा किती अधिक खुपतो, हे मात्र आधी माणसांनी एकमताने ठरवावे लागते. म्हणून ग्रेडिंग हे मोजमाप कमी आणि अनुभवी नजरेचा कौल अधिक, असेच म्हणावे लागते. कौल मोलाचा असतो, पण तो कौल आहे हे विसरू नये.

प्रूफ नाण्यांत तर हा कौल केसाइतक्या फरकावर येतो. ७० म्हणजे पाचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखालीही दोष न दिसणारे नाणे. ६९ मधला दोष साध्या डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. शिवाय जी नाणी लाखांनी निघाली आणि पेट्यांतच राहिली, त्यांत ६९ दर्जाची नाणी मुबलक असतात आणि त्यांची किंमत आतल्या सोन्याच्या किमतीभोवतीच फिरते. मग परीक्षेचे शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च भरून निघेलच असे नाही.

तरीही पाठवायचे ठरले, तर काही पथ्ये पाळावीत. नाणे पुसू नये, धुऊ नये, कितीही मऊ कापड असले तरी. दिवाळीत चांदीची भांडी उजळायची आपली सवय इथे घातक ठरते. आरशासारख्या पृष्ठभागावर एका पुसण्याने केसासारख्या रेघा उठतात, आणि कंपनी आकडा न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारू शकते. नाणे कडेने धरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नये. त्यातून सुटणारी द्रव्ये नाण्यावर चढतात. तांब्याच्या मिश्रणामुळे सोन्यावर लालसर ठिपके कधी कधी येतात, ते घरी खरवडायला जाऊ नये. फॉर्मवर किंमत प्रामाणिकपणे लिहावी, कारण शुल्क आणि भरपाई त्यावर ठरते. पार्सल विमा उतरवून रजिस्टर्ड टपालानेच पाठवावे. मूळ पेटी आणि टांकसाळीचे प्रमाणपत्र घरी जपून ठेवावे. आणि दुसऱ्याकडून डबीबंद नाणे घेताना डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा, नाणे स्वतःही निरखावे. हल्ली डब्याही बनावट निघतात, आणि त्यांच्यावर खरेच क्रमांक छापलेले असू शकतात.

ग्रेडिंगचा जन्म झाला तो अनोळखी माणसांतल्या व्यवहारासाठी. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून मध्ये तिसऱ्याची साक्ष लागते. नाणे विकायचे असेल, त्याच्या अस्सलपणाची शंका असेल किंवा ते खरोखर दुर्मिळ असेल, तर ही साक्ष जरूर घ्यावी. पण जे नाणे मुलीला किंवा नातवाला द्यायचे आहे, त्याला अशा साक्षीची निकड नाही. तिथे वजन, कस, साल आणि खरेदीची पावती पुरते. त्यासोबत आपल्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठीही ठेवावी: हे नाणे कोणत्या वर्षी घेतले, किती डॉलर दिले, तेव्हा आपण कोणत्या गावी राहत होतो आणि ते घ्यावेसे का वाटले. एवढे कोणत्याही कंपनीच्या डबीवर लिहून येत नाही.