बैठकीचें गाणें

युरोपांत एके काळीं संगीताचे तीन वर्ग मानीत : देवळाचें, नाटकगृहाचें आणि खोलीचें. ‘चेंबर म्युझिक’ म्हणजे हें शेवटचें. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असे चार वादक जवळ बसतात. ताल दाखविणारा कोणी नसतो, म्हणून प्रत्येकास दुसऱ्याचें ऐकतच वाजवावें लागतें. हायडननें (१७३२–१८०९) या चौकडीस प्रतिष्ठा मिळवून दिली. खोली मात्र बहुधा सरदाराची असे.

आपली बैठक या संगीताची जवळची नातलग. तंबोऱ्यांची जोडी, तबला, पेटी किंवा सारंगी, आणि हाताच्या अंतरावर श्रोते. एखादी जागा साधली कीं दाद तत्क्षणीं येते, आणि ती ऐकून गवयाची पुढची तान बदलते. येथें लिहिलेली संहिता नाहीं. हा फरक लहान नव्हे. पण एकमेकांस कान देऊन उत्तर देणें, हा गाभा दोहोंकडे एकच.

मग जेथें दरबारी दिवाणखाना जवळ नाहीं, तेथें हें संगीत जगावें कसें? कोल्हापूर-बडोद्यास दरबार होते. नांदेड आणि लातूर हे मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यांत. दरबार दूर हैदराबादेस. येथें खोलीचें काम पुष्कळसें देवस्थानांनीं केलें. नांदेडास १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेविला. तेथील सचखंडाची वास्तु रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. तेथें रागी ग्रंथसाहिबांतील पदें गातात, आणि त्या ग्रंथाची बहुतेक मांडणीच ३१ रागांवर आहे. लातूरजवळ औशास वीरनाथ महाराजांच्या परंपरेंत चक्रीभजन चालतें. तें उभ्यानें, फिरत गावयाचें. युरोपीय वर्गवारी येथें लटकी पडते. देवळाचें म्हणावें तर बैठकीचा राग आहे; बैठकीचें म्हणावें तर कोणी बसतच नाहीं!

दुसरी खोली गुरूची. नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांनीं शिष्य तयार केले. १९३५ सालीं जन्मलेले नाथराव नेरळकर त्यांतलेच. पुढें नेरळकरांनीं तेव्हांच्या औरंगाबादेस अनेकांना विद्या दिली; २०२१ मध्यें ते निवर्तले. गुरूसमोर बसून शिकणें हीही चार भिंतींतली बैठकच; दाद मात्र तेथें क्वचित्, चूक तेवढी तत्काळ दाखविली जाते.

ध्वनिक्षेपकानें पुढें मांडव मोठा केला. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोंचूं लागला. त्या रांगेंतला सुस्कारा मात्र गवयापर्यंत परत येत नाहीं.