स्वस्त एसडीआर रिसीव्हर निवडताना : आधी बँड, मग यंत्र

हॅम रेडिओ अर्थात हौशी रेडिओच्या छंदाकडे वळणाऱ्या नवशिक्यापुढे पहिला प्रश्न खर्चाचा असतो. संदेश पाठविणारा व घेणारा संपूर्ण संच महाग पडतो आणि प्रसारणासाठी केंद्र सरकारचा परवानाही लागतो. परवाना परीक्षेची तयारी करताना कानाला सराव व्हावा, यासाठी संगणकाला जोडावयाचा सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, संक्षेपाने एसडीआर, हा सोयीचा मार्ग आहे. मात्र बाजारातील सर्वांत स्वस्त डोंगल हा जळगाव-धुळ्यातील श्रोत्याला हव्या असलेल्या लहरी ऐकवीलच असे नाही. म्हणूनच यंत्र कोणते घ्यावे, यापेक्षा काय ऐकायचे आहे, हे आधी ठरविणे अगत्याचे ठरते.

टीव्हीच्या डोंगलमधून रेडिओ

पारंपरिक रेडिओत संकेत निवडणे, गाळणे व त्यातून आवाज वेगळा काढणे ही कामे विद्युत मंडले करतात. एसडीआरमध्ये हवेतील लहरींचे आकड्यांत रूपांतर केले जाते आणि उरलेले काम संगणकावरील प्रोग्रॅम पार पाडतो. हे तंत्र सामान्यांच्या आवाक्यात आले ते २०१२ मध्ये. डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनविलेल्या यूएसबी डोंगलमधील रिअलटेक कंपनीची आरटीएल-२८३२यू ही चिप कच्चे नमुने थेट संगणकाकडे पाठवू शकते, हे लक्षात आल्यावर त्यासाठी मोफत प्रोग्रॅम तयार झाले आणि आरटीएल-एसडीआर हे नाव रूढ झाले.

या डोंगलमधील आर-८२०टी हा ट्यूनर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. पल्ला मोठा दिसतो. पण हॅम मंडळींचा अत्यंत वापरातील ४० मीटरचा बँड, म्हणजे भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ, त्यात बसत नाही. नेमकी येथेच अनेकांची फसगत होते.

खान्देशात ७ मेगाहर्ट्झचे महत्त्व

दोन मीटर बँडवरील, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी दृष्टीच्या टप्प्यात पोहोचतात. खान्देशाच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. साहजिकच मुंबई-पुण्याकडील या बँडवरील बोलणे तापी खोऱ्यात सहसा ऐकू येत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होतात. त्यामुळे दिवसा मुंबई, पुणे, नागपूर, इंदूर अशा दोन-चारशे किलोमीटरच्या टप्प्यातील, तर रात्री त्याहून कितीतरी दूरची केंद्रे मिळू शकतात. त्यामुळे या भागात नवशिक्याने लघुलहरी नीट ऐकविणाऱ्या रिसीव्हरलाच प्राधान्य द्यावे, हे बरे.

तीन पर्याय

आरटीएल-एसडीआर ब्लॉग या नावाने निघालेल्या डोंगलच्या व्ही-३ आवृत्तीत ट्यूनरला वळसा घालून लघुलहरी थेट चिपकडे नेण्याची सोय आहे. ही चिप सेकंदाला २ कोटी ८८ लाख नमुने घेते. परिणामी १४.४ मेगाहर्ट्झच्या रेषेवर आरशासारखी प्रतिमा पडते. १४.६ मेगाहर्ट्झवरील प्रबळ केंद्र १४.२ मेगाहर्ट्झवर उमटू शकते आणि २० मीटरच्या बँडमध्ये घोटाळा होतो. ४० मीटरसाठी मात्र ही आवृत्ती कामचलाऊ ठरते.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या व्ही-४ आवृत्तीत लघुलहरी आधी २८.८ मेगाहर्ट्झने वर सरकवून मगच ट्यूनरकडे दिल्या जातात. त्यामुळे वरील दोष टळतो. मात्र तिच्यासाठीचा स्वतंत्र ड्रायव्हर घालावा लागतो. अशा डोंगलची किंमत परदेशात साधारण तीस ते चाळीस डॉलर असते. येथे त्यावर आयात कर व टपालखर्च चढतो. त्यांच्या नकलाही विकल्या जात असल्याने विक्रेता पारखूनच खरेदी करावी.

तिसरा पर्याय शंभर ते दोनशे डॉलरच्या गटातला. एसडीआरप्ले कंपनीचे आरएसपी-१ए व आरएसपी-१बी हे रिसीव्हर १ किलोहर्ट्झ ते २ गिगाहर्ट्झ पल्ल्याचे व १४ बिटचे आहेत. एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी लघुलहरींवर उत्तम मानला जातो. पण तो ३१ मेगाहर्ट्झपर्यंत आणि पुढे ६० ते २६० मेगाहर्ट्झ एवढाच चालतो. ४३५ मेगाहर्ट्झवरील हॅम उपग्रह ऐकू इच्छिणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

बिटची संख्या येथे महत्त्वाची आहे. ८ बिटचा डोंगल संकेताची उंची २५६ पायऱ्यांत मोजतो, तर १४ बिटचा १६,३८४ पायऱ्यांत. शेजारी एखादे बलाढ्य प्रसारण केंद्र असेल, तर ८ बिटच्या यंत्रात त्याच्या गोंगाटाखाली दूरचा क्षीण आवाज दडपला जातो. शहरातील एफएम केंद्रांचा असा त्रास होत असल्यास एफएम गाळणारा छोटा फिल्टर अँटेना व डोंगल यांच्यामध्ये जोडावा.

उन्हाळा आणि स्थिरता

जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि चालू डोंगल स्वतःही तापतो. साध्या स्फटिकाचा डोंगल तापला की त्याची कंप्रता सरकते. ५० पीपीएमची चूक १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे सात किलोहर्ट्झ भरते, तर १ पीपीएमच्या तापमान-भरपाई स्फटिकात, अर्थात टीसीएक्सओमध्ये, ती केवळ १४५ हर्ट्झ राहते. म्हणून टीसीएक्सओ आणि धातूचे आवरण असलेलाच डोंगल घ्यावा व तो पत्र्याखाली न ठेवता सावलीत, हवेशीर जागी ठेवावा.

अँटेना आणि गोंगाट

डोंगलसोबत मिळणारी वीतभर अँटेना ७ मेगाहर्ट्झवर जवळपास निरुपयोगी ठरते. या बँडसाठी सुमारे २० मीटर लांबीची, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर ठेवलेली तांब्याची तार, म्हणजे डायपोल, लागते. गच्ची लहान असल्यास मधल्या खांबावरून दोन्ही टोके उताराने खाली आणता येतात. या तारेचा व कोअॅक्सियल केबलचा खर्च माफक असला, तरी महागड्या रिसीव्हरने जेवढा फरक पडणार नाही, तेवढा तो तारेने पडतो. वळवाच्या पावसाआधी ढग गडगडू लागले की केबल काढून ठेवावी.

एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, घरचा इन्व्हर्टर, सोलर यंत्रणा यांतून निघणारा खरखराट लघुलहरींचा मोठा शत्रू आहे. वीज गेली असता लॅपटॉप बॅटरीवर चालवून, घरचा इन्व्हर्टर बंद करून ऐकावे. खरखर कमी झाली, तर दोष यंत्रात नसून घरात वा आसपास आहे, हे उघड होते.

डीटीएचच्या तबकडीतून हॅम

डोंगर आडवे येत असले तरी आकाश मोकळे आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या एस-हेल-२ उपग्रहावर क्यूओ-१०० हे हौशी प्रक्षेपण यंत्र आहे. हा भूस्थिर उपग्रह जळगावहून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर असतो. ६० ते ९० सेंटिमीटरची तबकडी आणि ९७५० मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरचा युनिव्हर्सल एलएनबी असल्यास त्याचा १०,४८९.७५ मेगाहर्ट्झचा संकेत ७३९.७५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे साध्या डोंगलच्या पल्ल्यात येतो. एलएनबीला १२-१३ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो. तो डोंगलमध्ये शिरणार नाही, याची दक्षता घ्यावी. जुन्या माहितीत आवर्जून सांगितलेले नोआ-१५, १८ व १९ हे हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. त्यांच्या आशेवर खरेदी करू नये.

खरेदीपूर्वी

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून विनामूल्य ऐकता येतो. एक पैसाही खर्च न करता पडद्यावरील पट्टा आणि एसएसबी बोलणे ओळखण्याचा सराव त्यावर करून घ्यावा. खर्चाचा क्रम आधी अँटेना व केबल, मग लघुलहरी ऐकविणारा टीसीएक्सओयुक्त डोंगल आणि गरज पटली तरच १४ बिटचा रिसीव्हर, असा ठेवल्यास पैसा वाया जात नाही.

मात्र हे यंत्र फक्त ऐकण्याचे आहे. बोलण्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. पोलिस वा अन्य सेवांचे संदेश कानी पडलेच, तर ते ऐकत राहू नयेत किंवा पसरवू नयेत. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर अंदमानातील दूरध्वनी कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी लघुलहरींवरून निरोप पोहोचविले. क्षीण संकेतातील शब्द अचूक टिपण्याचे हे कसब सरावानेच येते आणि त्याची सुरुवात स्वस्त रिसीव्हरवरही करता येते.