गावगाडा, शेजारधर्म आणि संगीत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेसाठी त्या पाठ कराव्या लागतात आणि परीक्षा संपली की बहुतेकांच्या विस्मरणातही जातात. परंतु ज्या खेड्यांतून आपले आजोबा-पणजोबा वाढले, त्या खेड्यांनाही इतिहास आहे. तो बखरींत फारसा सापडत नाही. जात्याची घरघर, ताशाचा ठेका आणि शेजाऱ्याला मारलेली हाक यांत तो शोधावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात पेशवाईचा धडा चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, या पुस्तकात आपण कुठे आहोत?" प्रश्न भाबडा होता, पण खोचक होता. पालकांनाही हा प्रश्न अधूनमधून पडत असेल. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. दक्षिण महाराष्ट्रातील, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या जिल्ह्यांतील खेडी मला परिचयाची आहेत. म्हणून लेखाची मर्यादा मी तेवढीच ठेवली आहे.

बलुत्यातला वाटा

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. जुन्या खेड्याचा कारभार समजून घ्यायचा तर आजही त्याच्याकडेच वळावे लागते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या जोडीने मुलाणी हाही या गाड्याचे एक चाक होता. बलुतेदारांच्या अनेक जुन्या याद्यांत त्याचे नाव येते. मशीद व पिराच्या जागेची देखभाल, जनावर हलाल करणे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. याखेरीज अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मणेर, शिकलगार ही मंडळी आपापल्या धंद्याने गावाच्या गरजा भागवीत. मणेराच्या हातून बांगड्या भरल्याशिवाय गावातले लग्न पुरे होत नसे, आणि पिंजाऱ्याने कापूस पिंजल्याशिवाय थंडीची गादी तयार होत नसे.

शेजारधर्म हा नुसत्या गोड स्वभावातून निर्माण झालेला नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकमेकांवाचून अडत होते म्हणून एकमेकांशी नाते जोडावे लागे. आणि नाते जोडले की त्याला नाव द्यावे लागे. वडीलधाऱ्या शेजाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारण्याची पद्धत आमच्या गावात नव्हती. समोरच्या घरातील मराठा गृहस्थ आम्हा मुलांना आप्पा होते, त्यांच्या घरातील मुलांना माझे आजोबा मुलाणीचाचा होते. आप्पांनी कान पिळला तर घरी तक्रार नेण्यात अर्थ नसे, कारण घरी दुसरा कान पिळला जाई!

जात्याचा खुंटा, दोघींचे हात

आमच्या दादीचे आणि आप्पांच्या आईचे जाते एकच होते. दगडी, जड जाते एकटीने ओढणे कठीण, म्हणून दोघी समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवीचा पहिला चरण उचलायचा, दुसरीने पुढचा पुरा करायचा. माहेर, भाऊराया, लेकीचे सासर, पंढरीची वाट हे ओव्यांचे विषय. दादी कधी पंढरपूरला गेली नव्हती, पण पंढरीच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या. आणि आप्पांच्या आईच्या ओव्यांत गावच्या पिराचे नाव हक्काने येई. घरात लग्न निघाले की हीच दादी ढोलक मांडीखाली घेऊन दखनी गाणी म्हणे, तेव्हा शेजारणी टाळ्यांची साथ धरीत. कोणते गाणे कोणाचे, असा प्रश्न त्या अंगणात कधी उद्भवला नाही.

मी मोठा होईपर्यंत ते जाते लग्नाच्या हळदीपुरते उरले होते. रोजचे दळण गिरणीत जाऊ लागले होते. बायकांच्या खांद्यांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळणे हा काही करमणुकीचा कार्यक्रम नव्हता. पण कष्टांबरोबर गाणेही गेले. गिरणीच्या रांगेत ओवी सुचत नाही.

या जात्याला मोठा इतिहास आहे. आदिलशाहीच्या काळात विजापूरला चिश्ती सूफींची मोठी परंपरा होती. त्या परंपरेतून दखनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावांची गीते निर्माण झाली. दळणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या स्त्रियांनी काम करता करता ती म्हणावीत, आणि म्हणता म्हणता ईश्वराचे स्मरण करावे, असा त्यांचा हेतू. जात्याच्या उभ्या खुंट्याला त्यांत अलिफ या अक्षराची उपमा दिली जाते. ज्या बाईने कधी पाटी-पेन्सिल हातात धरली नव्हती, तिला वर्णमालेचे पहिले अक्षर रोज पहाटे मुठीत सापडत होते! रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गीतांचे महत्त्व दाखवून दिले. खेड्यातील स्त्रीपर्यंत धर्मविचार पोचला तो बऱ्याच अंशी जात्याच्या वाटेने, असे त्याचे प्रतिपादन आहे.

मराठी ओव्यांच्या बाबतीत असेच मोलाचे काम गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांना कोणी कवी म्हटले नाही, त्यांच्या तोंडची ही एवढी संपत्ती आहे.

मोहरम आणि गावची वाद्ये

मोहरमचे ताबूत हा आमच्या भागातील साऱ्या गावाचा विषय असे. चंद्र दिसल्यावर अलाव्यासाठी कुदळ मारली जाई. पंजे बसत, रात्री करबलीचे मेळ रंगत. ताबुताचे कळक जमविणे आणि तासणे हे सुताराचे काम, हलगी मातंग समाजाची, सनई होलारांची, सरबत वाण्याच्या घरचे आणि चोंगे आमच्या चुलीवरचे. कडेगावचे उंच ताबूत तर सर्वत्र प्रसिद्ध आहेत. 'आधी कळस, मग पाया' या रीतीने ते बांधतात, आणि ते ज्या घराण्यांचे आहेत त्यांत निरनिराळ्या समाजांची घराणी आहेत.

या प्रथांविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, याची मला जाणीव आहे. वाद्ये आणि ताबूत यांविषयी उलेमांनी काय म्हटले आहे ते जाणकारांनी सांगावे. तो माझा अधिकार नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे. गावातील सर्व जातींना ज्या प्रसंगी काहीतरी काम होते आणि काहीतरी मान होता, असे थोडे प्रसंग होते, त्यांपैकी हा एक, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

संगीताचा शेजारधर्म वाजविण्यात होता तसा न वाजविण्यातही होता. आळीत कोणाकडे मयत झाले तर दुसऱ्याच्या दारची वाजंत्री थांबे. भजनाची दिंडी नमाजाच्या वेळी मशिदीजवळ आली तर मृदंगावरचा हात आपोआप हलका होई. आणि हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत आजोबा आपल्या घरचे ढोलक खुंटीवर टांगून ठेवीत. यासाठी कोणी हुकूम काढलेला नव्हता की पंच नेमले नव्हते. आज ज्या गोष्टीसाठी बंदोबस्त लावावा लागतो, ती गोष्ट त्या वेळी नजरेच्या एका खुणेवर होत असे.

तथापि खोटे चित्र रंगविणे हे इतिहासाचे काम नव्हे. जो हलगी वाजवी तो मिरवणुकीच्या पुढे असे, पण पंक्तीला दूर बसे. त्याच्या वाद्यावाचून गावाचे पान हलत नसे, आणि त्याच्या हातचे पाणी मात्र गावाला चालत नसे. या अन्यायात आपलेही पूर्वज अनेकदा गावाच्याच बाजूने उभे होते. जुन्या गावाची आठवण गोड आहे. पण ती सर्वांना सारखी गोड नाही.

शिकलगाराची धार

आता धड्याकडे वळू. उत्तर पेशवाईतील नामवंत शाहिरांत सगनभाऊ याचे स्थान मोठे आहे. तो जेजुरीचा, जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. हत्याराला धार लावणाऱ्या या माणसाने मराठी लावणीला धार लावली आणि होनाजी बाळाच्या काळात आपले नाव गाजविले. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत रचला. 'आपण कुठे आहोत?' या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. मराठी भाषेच्या घरात आपण पाहुणे म्हणून आलेलो नाही. त्या घराच्या भिंती बांधणाऱ्यांत आपले हात आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. संस्थानांच्या फौजा कमी झाल्या, तलवारींचे दिवस सरले. शिकलगारांनी करावे काय? मिरजेतील शिकलगार घराण्याने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू तंबोरे व सतारी बनवू लागले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेत गवयांची वर्दळ होती, त्यामुळे दुरुस्तीपासून सुरुवात झाली आणि पुढे धंद्याला बरकत आली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेकाठी पिकणारे मोठे भोपळे वाळवून त्यांचा तुंबा करायचा, तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, आणि शेवटी घोडी घासून जवारी लावायची. जवारी हे कानाचे काम आहे. केसभर जास्त घासले की सूर बिघडतो. तलवारीचे पाते घासताना जी नजर आणि जो हात तयार झाला होता, तोच येथे उपयोगी पडला. आज त्या कारागिरांचे वंशज सतारमेकर म्हणून ओळखले जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. धंदा बुडाला म्हणून कपाळाला हात न लावता हातातील कौशल्याला नवे वळण कसे द्यावे, याचा हा धडा आहे.

याच मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. १८७२ साली उत्तरेतील कैराना येथे जन्मलेला हा गायक दक्षिणेचा झाला, आणि सवाई गंधर्वांसारखे शिष्य त्यांनी तयार केले. १९३७ मध्ये ते पैगंबरवासी झाले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची मजार आहे. उरुसाच्या वेळी तेथे गवई येऊन हजेरी लावतात. खेड्यांतून बैलगाड्या जुंपून आलेला शेतकरी त्या गवयांना ऐकत रात्र काढी. रागाचे नाव त्याला सांगता येत नसे, पण सूर लागला की मान डोलत असे.

मुनेरबीचा मुलगा

शेवटी एका मातेचे स्मरण करतो. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब कुटुंबात मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. आई मुनेरबी हिच्याकडून त्याला लोकगीतांचे बाळकडू मिळाले. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार अशी कामे करीत हा मुलगा कामगारांच्या लढ्यात पडला आणि शाहीर अमर शेख या नावाने महाराष्ट्राला माहीत झाला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मुसलमान, एक मातंग समाजातला, तिघेही एकाच मंचावर! गावात ज्याला पंक्तीपासून दूर बसविले, त्याच्या खांद्याला खांदा लावून येथे गाणे उभे राहिले. जुन्या गावगाड्यातील संगीत याहून पुढे जाऊ शकले नव्हते. या शाहिरांनी ते नेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांचा पहाडी आवाज मैदानामैदानांतून घुमला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यात या आवाजाचा मोठा वाटा आहे. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आपल्या शाळेच्या ग्रंथालयात असावेत, अशी माझी संस्थाचालकांना विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मुनेरबीचे नाव इतिहासात राहिले ते तिचा मुलगा मोठा झाला म्हणून. तिच्यासारख्या हजारो माता आणि आज्या काहीही मागे न ठेवता निघून गेल्या. आमची दादी २०११ साली गेली. तिच्या शेकडो ओव्यांपैकी पुऱ्या अशा चारच मला आठवतात, त्याही आप्पांच्या सुनेने सांगितल्या म्हणून. या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही बरोबर न्या. आजी मराठीत म्हणो की दखनीत, ती म्हणेल तसे लिहून घ्या, शब्द सुधारू नका. शेजारच्या आजीकडेही जा. पालकांनीही मुलांना अभ्यासातून तेवढी सवड द्यावी. अशा पन्नास वह्या जरी शाळेत जमल्या, तरी पाठ्यपुस्तकात जे पान नाही ते आपण स्वतः लिहिले असे होईल.