जुन्नरचे शिलालेख व ललितकलांचे अध्ययन

ललितकलांचे विद्यापीठीय अध्ययन आपल्याकडे अलीकडचे होय. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. तथापि तेथे मुंबई विद्यापीठाची पदवी १९८१ मध्ये आली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने त्यापूर्वीच, १९५० मध्ये, ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली होती. मात्र कला विद्यापीठात आली, तरी भाषा व कला यांचे विभाग परस्परांपासून दूरच राहिले.

या दुराव्याने काय गमावते, हे जुन्नरची लेणी दाखवितात. तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत दात्यांच्या नावांबरोबर वास्तूची परिभाषाही आली आहे : ‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके, ‘सतगभ’ म्हणजे सात खोल्यांचे लेणे, ‘भोजणमटप’ म्हणजे भोजनमंडप. मानमोडी डोंगरातील एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर चंद नामक यवनाने दिलेल्या ‘गभदारा’चा लेख आहे. या शब्दाचे ‘गर्भद्वार’ असे संस्कृत रूप दिल्याने व्युत्पत्ती कळते, वस्तू कळत नाही. आतील काम अपुरे, मुखभाग मात्र कोरीव, हे पाहिल्यावरच दान नेमके कशाचे, हे उमगते. उलट, लेख न वाचणारा चित्रकार त्या कमानीचे रेखाटन निर्दोष करील. पण तिला तिच्या काळी काय म्हणत, हे त्याला अज्ञातच राहील.

म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याने लेण्याचे मोजमाप घ्यावे व कलेच्या विद्यार्थ्याने लेखाचा ठसा वाचावा. खडकावर अक्षर आणि शिल्प एकत्रच आहेत. त्यांची फारकत आपल्या अभ्यासक्रमांनी केली आहे.