रात्रीचे रक्त, दिवसाची पट्टी

'हत्तीरोग' हे नाव रोगाला त्याच्या अखेरच्या अवस्थेवरून पडले. संस्कृत वैद्यकातला 'श्लीपद' हा शब्दही पायाच्याच विकृतीकडे बोट दाखवतो. जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो अशा प्रदेशांत श्लीपद विशेषत्वाने होते, अशी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. डासाचे नावही न घेता केलेले हे निरीक्षण आम्हांला आजही थक्क करते.

१८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस याला माणसाच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म कृमी दिसले. चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सनने १८७७ साली ते डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. हे कृमी दिवसा रक्तातून जवळजवळ दिसेनासे होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास गर्दी करतात, हेही त्यानेच पुढे मांडले. डास चावण्याची वेळही तीच!

कृमीच्या या घड्याळापुढे माणसाला नमावे लागले. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून आरोग्य कर्मचारी रात्री दारे ठोठावीत, निजलेल्यांना उठवून बोटाला सुई टोचीत. 'रात्र चिकित्सालय' हा सरकारी शब्द त्यातूनच आला. सरकारी मराठीची आम्ही एरवी थट्टा करतो. हा शब्द मात्र नेमका आहे.

दिवसा निदान व्हावे म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील भास्कर हरिनाथ आणि त्यांचे सहकारी होते. कृमी लपला तरी त्याच्या शरीरातून सुटणारी प्रथिने रक्तात राहतात. ती हुडकायची, ही यामागची कल्पना. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या तत्त्वावरचे चाचणी-कार्ड आले आणि पुढे पट्टी आली. कोणत्याही वेळी घेतलेले बोटाचे थोडे रक्त आणि दहा मिनिटे पुरेशी ठरली.

मात्र या पट्टीवर ज्याच्या नावाची रेषा उमटते, तो बहुधा चारचौघांसारखा दिसणारा माणूस असतो. प्रसार थांबला की नाही हे पाहण्यासाठी तर सहा-सात वर्षांची मुले तपासली जातात. उलट ज्याचा पाय वर्षानुवर्षे सुजलेला आहे, ज्याच्यावरून रोगाला नाव मिळाले, त्याची चाचणी अनेकदा नकारात्मक येते. कृमी मेलेले असतात. त्यांनी नासवलेल्या लसीकावाहिन्या तशाच राहतात. अशा रुग्णाची नोंद आजही पाहूनच करावी लागते, आणि त्याच्या उपचारात रोज साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे हेच मुख्य असते.