वेदनेची नोंद : स्तनकर्करोगाचे संप्रेरक उपचार, फायब्रोमायाल्जिया आणि ‘नैसर्गिक’ पर्याय – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्तनकर्करोगावरील संप्रेरक उपचार आणि फायब्रोमायाल्जिया हा सर्वांगाच्या दीर्घकालीन वेदनेचा विकार, या दोहोंचा इतिहास सहसा स्वतंत्रपणे लिहिला जातो. तथापि, काही स्त्रियांना हे दोन्ही एकाच वेळी सोसावे लागतात. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा आढावा घेऊन ‘नैसर्गिक’ म्हणवल्या जाणाऱ्या पर्यायांचे स्थान तपासले आहे. रुग्ण स्त्रीच्या वेदनेची नोंद कोणी व कशी घेतली, यावर या इतिहासाचे आकलन अवलंबून आहे, अशी लेखाची भूमिका आहे.

संप्रेरक उपचारांची वाटचाल :
गायीचे बीजांडकोश काढले असता ती दीर्घकाळ दूध देते, हा पशुपालकांचा अनुभव ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांना ज्ञात होता. स्तन व बीजांडकोश यांच्या या संबंधावरून त्यांनी १८९५ मध्ये स्तनकर्करोग बळावलेल्या एका स्त्रीचे बीजांडकोश काढले आणि १८९६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे १९६२ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी टॅमॉक्सिफेन हे संयुग तयार केले. गर्भनिरोधक म्हणून ते अयशस्वी ठरले. परंतु १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयातील मेरी कोल व सहकाऱ्यांनी स्तनकर्करोगावरील त्याचा परिणाम नोंदविला. १९७७ मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनमुळे पुढील १५ वर्षांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे २०११ च्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. १९९० च्या दशकात ॲनास्ट्रोझोल व लेट्रोझोल ही रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणारी औषधे आली.

फायब्रोमायाल्जियाची ओळख :
१९०४ मध्ये विल्यम गोवर्स यांनी स्नायूंच्या वेदनेस ‘फायब्रोसायटिस’ असे नाव दिले. त्यात दाह गृहीत होता. परंतु ऊतींत तो आढळेना. रक्ततपासणी व क्ष-किरण चित्रे निर्दोष येत असल्याने रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, तक्रारी मनाचे खेळ म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या. १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १८ पैकी ११ बिंदूंवर दुखरेपणा असा निकष ठरविला. २०१० मध्ये बिंदूंची अट वगळून थकवा, निद्रा व स्मरण यांविषयी रुग्णाने केलेल्या कथनास स्थान मिळाले.

दोन प्रवाहांचा संगम :
इस्ट्रोजेन रोखणाऱ्या औषधांमुळे सांधे दुखतात. न्यूयॉर्कमधील २०० स्त्रियांच्या २००७ मधील पाहणीत ४७ टक्के स्त्रियांनी अशी वेदना नोंदविली. आधीच फायब्रोमायाल्जिया असलेल्या स्त्रीस कोणते दुखणे कशाचे, हे ओळखणे कठीण जाते आणि वेदनेपायी औषध सोडण्याकडे कल होतो. वेदनेकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने कर्करोगाच्या उपचारासच बाधक ठरते. वेदनाशामक निवडतानाही दक्षता हवी. ड्युलॉक्सेटीन हे औषध २००८ पासून अमेरिकेत फायब्रोमायाल्जियासाठी मान्य आहे; परंतु टॅमॉक्सिफेनला शरीरात प्रभावी रूप देणाऱ्या यकृतातील विकरास ते काही अंशी रोखते.

‘नैसर्गिक’ पर्यायांची कसोटी :
निसर्गातून आलेले ते निरुपद्रवी, हा समज येथे टिकत नाही. हळदीतील कर्क्युमिनच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनसोबत दिल्यास औषधाच्या प्रभावी रूपाचे रक्तातील प्रमाण घटते आणि मिऱ्यातील पायपरिनची जोड दिल्यास ते अधिक घटते, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या छोट्या अभ्यासात आढळले. ही मात्रा स्वयंपाकातील चिमूटभर हळदीची नव्हे, गोळ्यांची होती, हे ध्यानात घ्यावे. ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पतीही अनेक औषधांचे विघटन वेगाने घडविते.

याउलट, औषधाविना केलेल्या काही उपायांना प्रयोगाचा आधार मिळाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२१ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत वर्षभराच्या नियमित व्यायामाने सांध्यांची तीव्र वेदना २९ टक्क्यांनी उतरली. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी फायब्रोमायाल्जियासाठी ठाम शिफारस केली ती केवळ व्यायामाची. २०१८ मधील २२६ स्त्रियांवरील चाचणीत ॲक्युपंक्चरनेही वेदना काही प्रमाणात घटली.

समारोप :
पशुपालकांच्या अनुभवास बीटसन यांनी प्रयोगाची जोड दिली, म्हणून त्यातून उपचारपद्धती उभी राहिली. आजच्या काढ्यांना व गोळ्यांनाही तीच कसोटी लावणे न्याय्य ठरेल. मात्र, रुग्ण स्त्रीने घेतलेला घरगुती उपाय चिकित्सकास सांगावा, यासाठी तिला तसा विश्वास वाटला पाहिजे. तिची वेदना ऐकून घेतली गेली, तरच ती आपल्या हळदीच्या गोळीविषयी बोलेल. उपचाराची पाच वर्षे पूर्ण होणे या साध्या संवादावरही अवलंबून आहे.