'पासून', 'पर्यंत' आणि 'मधलें'

आमच्या किल्लारीहून लातूरला जातांना वाटेंत औसा लागतो. 'औशापासून लातूरपर्यंतचीं गांवें' असें म्हटलें कीं त्यांत औसा आणि लातूर दोन्ही आलीं. 'औसा व लातूर यांच्या मधलीं गांवें' असें म्हटलें कीं तीं दोन्ही गळलीं. संगणकाच्या रक्षणांतही हाच शब्दभेद घात करतो.

संगणक हा किल्ला मानला, तर 'पोर्ट' म्हणजे त्याचे क्रमांकित दरवाजे होत. दूरच्या संगणकांनीं परस्परांशीं बोलण्याचे जे 'टीसीपी' नांवाचे नियम आहेत, त्यांच्या १९८१ सालच्या मसुद्यांत या क्रमांकास द्विमान पद्धतीचीं १६ स्थानें दिलेलीं आहेत. म्हणून ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांक होतात. कोणता क्रमांक कोणत्या कामाचा, याची नोंद जॉन पोस्टेल यांनीं अनेक वर्षें सांभाळली. प्रारंभीं ० ते २५५ एवढेच क्रमांक नेमून दिले जात; १९९२ च्या यादींत ही मर्यादा १०२३ पर्यंत वाढलेली दिसते.

या दरवाजांवरील पहारेकरी म्हणजे 'फायरवॉल'. त्यास प्रत्येक क्रमांक निराळा न सांगतां टप्पा सांगतात. लिनक्सच्या 'आयपीटेबल्स'मध्यें १००० आणि २००० यांच्यामध्यें विसर्गासारखीं दोन टिंबें दिलीं, कीं दोन्ही टोकें धरून १००१ दरवाजे होतात. २००१ सालीं ओपनबीएसडीबरोबर आलेल्या 'पीएफ'मध्यें टिंबांचा अर्थ तोच आहे; परंतु टिंबांच्या जागीं टोकास टोक भिडलेलीं दोन कोनचिन्हें घातलीं, तर दोन्ही टोकें गळून ९९९ च उरतात. तींच चिन्हें पाठ फिरवून मांडलीं, तर तो सबंध टप्पा वगळून बाहेरचे क्रमांक निवडले जातात!

समजा, ३३०० ते ३३८९ हे दरवाजे बंद करावयाचे आहेत आणि चुकून टोकें गाळणारें चिन्ह पडलें. दुसऱ्या नियमानें अडविला नसेल, तर ३३८९ उघडा राहतो. आणि दुरून विंडोज संगणक चालविण्याचा नेहमींचा दरवाजा नेमका तोच! अंक बिनचूक लिहूनही पहारा फुकट जातो.

शाळेंत 'पांच ते दहा एकूण संख्या किती?' असें विचारलें, कीं मुलें वजाबाकी करून 'पांच' म्हणत. बोटांवर मोजलें कीं सहा भरत. पहारेकऱ्यास आज्ञा देणाऱ्यानेंही तसेंच करावें: टोकाचा क्रमांक आंत कीं बाहेर हें आधीं ठरवावें, आणि नियम लिहून झाल्यावर तोच दरवाजा बाहेरून एकदां ठोठावून पाहावा.